वीतभर

बार हलला. फार नाही, वीतभर. पण माणसाच्या मांडीहून जाड, सहा मीटर लांब, तीन टनांवर वजन असलेला तो पोलादी बार, बटणावर कुणाचंही बोट नसताना, करवतीच्या दिशेने वीतभर सरकला आणि थांबला. त्याच्याखालचे रोलर अर्धा फेरा फिरले. मोटर नुसती हुंकारली, गोष्ट ऐकणाऱ्याने मधूनच हुंकार भरावा तशी, आणि गप्प झाली. रेस्तीच्या हातात कॉफीचा कागदी पेला होता. तो सांडला नाही याचं त्याला नंतर नवल वाटत राहिलं. सोमवार, सकाळच्या मेरिएंदाची, म्हणजे खाण्याच्या सुट्टीची वेळ, साडेनऊला दोन-चार मिनिटं इकडेतिकडे. शेडमधली माणसं फाटकाबाहेरच्या टपरीवर आलं घातलेली तांदळाची पेज खायला गेली होती आणि रेस्तीचा गुडघा दुखत होता म्हणून तो एकटाच मागे थांबला होता. बार हलल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं, तर आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. त्याला बरं वाटलं. बरं वाटलं याची शिसारीही आली, पण ती फार उशिरा, संध्याकाळी घरी नेणाऱ्या जीपनीत बसल्यावर. त्या क्षणी मात्र त्याने कॉफी संपवली, पेला नीट चुरगाळून डब्यात टाकला आणि पायाने सिमेंटवर पडलेला लोखंडाचा चुरा एका बाजूला सारला, जणू हललं होतं ते काय ते तेवढंच.

हा रोलरचा कन्व्हेयर त्याचा होता. पैसे मालकीण मॅडम ओंगचे, बनवला इंजिनियर मारिविकने, पण मागितला रेस्तीने, आणि तोही एक-दोनदा नव्हे, अकरा वर्षं. दर वर्षी ख्रिसमसच्या आधी मॅडम ओंग सगळ्यांना हॅम आणि तांदळाची पिशवी वाटायच्या, तेव्हा आपली पिशवी काखेत धरून तो म्हणायचा, "मॅडम, रोलरचं काय ते बघा ना." मॅडम हसायच्या. "रेस्ती, तुला स्वतःसाठी काही मागता येत नाही का रे?" त्यांना वाटायचं हा कामाचा कळवळा. वालेंसुएला शहरातल्या त्या गल्लीत पोलाद कापून देणाऱ्या सात शेड होत्या, त्यांतल्या तीन शेडमध्ये केव्हाच मोटरवरचे रोलर आले होते, आणि इथे अजून चेनब्लॉकने बार उचला, वायरच्या दोरात झुलवा, दोघांनी पहारीने ढकला, एकाने करवतीच्या जबड्याशी उभं राहून "आण, आण, आण, बस" म्हणा, असंच चाललं होतं. जबड्याशी उभा राहणारा माणूस म्हणजे रेस्ती. सव्वीस वर्षं तो "आण" आणि "बस" म्हणत आला होता. त्याला बारची लांबी डोळ्यांनी कळे, वजन आवाजावरून कळे, आणि करवतीचं पातं कधी तुटणार ते, तो म्हणे, दाढेत कळे. सगळे त्याला कुया म्हणत, सख्ख्या थोरल्या भावाला म्हणावं तसं. रोलरची फ्रेम ट्रकमधून उतरली तेव्हा पोरांनी तिचं नावही ठेवलं, 'कुयाचा रेडा'. "चिखलात लोळवायला कधी नेणार याला?" असं त्यांतला इंतोय विचारायचा. रेस्ती वरवर वैतागायचा आणि आतून लाजायचा, पहिलटकरणीच्या नवऱ्यासारखा.

साडेनऊची सुट्टी संपली. मारिविक हातात पान्यांची पिशवी घेऊन आत आली. तिशीची, बुटकी, केस टोपीत खोचलेले, काविते गावात तिचं स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं आणि एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. तेही रेस्तीने मॅडमकडे शब्द टाकला म्हणून. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना उभं करून समजावलं होतं. करवतीच्या अलीकडे, बाजूच्या खांबावर अंगठ्याएवढा एक दिवा होता, त्याला तिने डोळा म्हटलं होतं. "डोळ्यासमोर बार आला की रोलर थांबणार. डोळ्यासमोर काही नाही असं वाटलं की रोलर बार पुढे आणणार. चावी ऑटोवर असली की त्याला एवढंच कळतं, याच्या पलीकडे काही नाही." तेव्हा म्हातारा बादोंग म्हणाला होता, "म्हणजे माझ्या जावयासारखा." सगळे हसले होते. आता ती रेस्तीजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कुया, काही सांगायचंय का? तुमचा चेहरा असा काय झालाय?" सांगायचं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं, साधं, चार शब्दांचं. रेस्ती म्हणाला, "तिसऱ्या रोलरला ग्रीस कमी वाटतंय." तिने मान डोलावली, गुडघ्यावर बसून तिसऱ्या रोलरला ग्रीस भरलं, आणि तो वर उभा राहून तिच्या टोपीकडे बघत राहिला. तिसऱ्या रोलरला ग्रीस पुरेसं होतं, हे त्यालाही माहीत होतं आणि भरताना तिलाही कळलं असणार. पण तीही काही बोलली नाही. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर खोटं पाडायचं कसं?

सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब त्याने त्या दिवशी करवतीच्या पाण्याच्या फवाऱ्यापाशी उभं राहून पुन्हा पुन्हा केला. मॅडम ओंगना यंत्राचं भय होतं. त्यांच्या सासऱ्याने, म्हाताऱ्या मालकाने, घेतलेली ती चेनब्लॉकची क्रेन त्यांनी अजून बदलली नव्हती ती त्याच भयामुळे. आपोआप हलतं एवढं कानावर गेलं की यंत्र पसंत असल्याची बुधवारची सही राहिली, ट्रक बोलावून रेडा परत कावितेला, मारिविकचं नाव धुळीला, आणि मग पुन्हा तो वायरचा दोर, पुन्हा झुलणारा बार, पुन्हा "आण, आण". आणि न सांगितलं तर? तर एखाद दिवस कुणीतरी मध्ये असेल. हे दुसरं तो पुरतं मनात येऊ देत नसे. ते यायचं आणि तो त्याच्यावर काहीतरी ठेवायचा, ग्रीसचा डबा, दुपारचं जेवण, जुन्या पात्याची गुंडाळी. एकदाच हललं. नवीन यंत्र आहे, अंगात बसायला वेळ लागतो, नव्या चपलेसारखं. एकदाच तर हललं.

याच शेडमधला अंबो गेला त्याला अकरा वर्षं झाली. बारच्या एका टोकाचा दोर तुटला, बार खाली आला, घरंगळला आणि अंबो त्याच्या आणि करवतीच्या पायाच्या मध्ये होता. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात त्याचा प्राण गेला. शेडमध्ये तेव्हाच ठरून गेलं की क्रेन बसवली त्या दिवशी म्हाताऱ्या मालकाने कोंबडं दिलं नव्हतं, पादुगो म्हणतात तो रक्ताचा विधी केला नव्हता, खांबांना रक्त दाखवलं नव्हतं, म्हणून यंत्राने स्वतःचं स्वतः घेतलं. सगळ्यांनी ते मानलं. अंबोच्या आईनेही मानलं, आणि तिला ते सांगायला, तिचा हात हातात घेऊन सांगायला, रेस्तीच गेला होता. ते किती सोयीचं होतं हे जगात एकट्या रेस्तीला माहीत होतं. कारण आदल्या दुपारी दोर काढताना त्याच्या हातमोज्यातून काहीतरी टोचलं होतं. त्याने पाहिलं तर तीन तारा तुटून वर आलेल्या. तो दोर अंबोने स्वतः विणलेला होता. अंबो तरुणपणी जहाजावर होता, दोराची वीण हा त्याचा अभिमान, आणि वयाने तो रेस्तीहून पाच वर्षांनी मोठा. चार माणसांत "अंबो, तुझा दोर तुटतोय" म्हणणं म्हणजे त्याच्या मुस्काटीत मारणं. रेस्ती मूग गिळून बसला. त्याने दोर फिरवून ठेवला, तुटक्या तारा वरच्या अंगाला, अंबोच्या नजरेला येतील असा, आणि मनाशी म्हणाला, उद्या एकटा गाठून सांगू. दुसऱ्या दिवशी अंबोने काम साडेसातलाच सुरू केलं. रेस्ती आला पावणेआठला. त्या पाव तासाबद्दल त्याने कुणाला, अगदी बायकोला, लुदिंगलाही, कधी काही सांगितलं नाही. त्याने रोलर मागितले. दर ख्रिसमसला, हॅमची पिशवी काखेत धरून. अंबोच्या जागी त्याचा सगळ्यांत धाकटा भाऊ इंतोय कामाला लागला, तेव्हा वीस वर्षांचा होता, आणि पहिल्या दिवसापासून रेस्तीची नजर त्याच्या पायांवर असायची. इंतोयला वाटे कुया आपले बूट बघतो. "नवे घेईन, कुया, पगार होऊ दे," तो म्हणायचा.

सोमवारी दुपारी बादोंग आला, हात पुसत, जरा आडून आडून. आधी गुडघ्याची चौकशी केली, मग हवेची, मग टपरीवाल्या आलिंग पुरिंगच्या पेजेत हल्ली आलं कमी असतं त्याची. मग म्हणाला, "रेस्ती, मी काय म्हणतो. रेड्याला काही पाजलं नाही अजून."

रेस्तीने करवतीवरची नजर हलवली नाही. "कुणी काही बोललं का?"

"कोण बोलणार? बोलायला काय झालंय? आपली रीत म्हणून म्हणतो. बुधवारी मॅडम सही करणार. त्याच्या आधी झालेलं बरं. पोरांच्या मनाला बरं."

"पोरांच्या मनाला."

"हो. आणि तुझ्याही," बादोंग म्हणाला आणि लगेच विषय बदलून पुन्हा पेजेवर गेला.

चोराच्या मनात चांदणं. रेस्तीला वाटलं याला काहीतरी ठाऊक आहे. पण बादोंगचा चेहरा नेहमीसारखाच होता, सुरकुत्यांनी भरलेला, निरुपद्रवी. आणि मग रेस्तीच्या छातीवरून काहीतरी उतरलं. खरंच की. रक्त. त्याने अकरा वर्षं मनातल्या मनात त्या गोष्टीला हसून घेतलं होतं, कारण दोराच्या तारा त्याने स्वतः पाहिल्या होत्या, आणि आता तीच गोष्ट त्याला जवळच्या नातेवाइकासारखी वाटली. यंत्र मागतंय. मागणारच. त्यात मारिविकची चूक नाही, मॅडमची नाही, कुणाचीच नाही. द्यायचं आणि मोकळं व्हायचं. संध्याकाळी त्याने बाजारातून दोन गावठी कोंबडे स्वतः निवडून घेतले, पाय बांधलेले, जीपनीत मांडीवर धरले. एकाचं काळीज त्याच्या तळहाताखाली इतकं जोरात उडत होतं की त्याने हात बदलला. शिसारी आली ती तेव्हाच. घरी लुदिंगने विचारलं, "यंत्र चाललं का रे नीट?" तो म्हणाला, "चाललं." तिने त्याच्या पानात तळलेला मासा वाढला आणि डोळ्यांकडे पाहिलं, मग माशाकडे पाहिलं, आणि जास्त विचारलं नाही. संसाराला तीस वर्षं झाली की बायका न विचारायला शिकतात, आणि तसं न विचारणं फार जड असतं.

मंगळवारी सकाळी सहाला, काम सुरू व्हायच्या आधी, बादोंगने सुरी चालवली. रक्त वाडग्यात धरलं, बोटं बुडवून फ्रेमच्या चारी पायांवर, मोटरच्या झाकणावर आणि एकेका रोलरवर शिंपडलं. तोंडाने तो काहीतरी पुटपुटत होता, त्यात येशूचं नाव होतं आणि जमिनीखालच्या कुणाकुणाचं होतं, दोघांनाही राग येणार नाही असं. मारिविक बाजूला उभी होती. तिने छातीवर क्रुसाची खूण केली आणि हळूच म्हणाली, "डोळ्याच्या काचेवर मात्र उडवू नका हं, आजोबा."

"त्याला बघू दे की कोण देतंय ते," बादोंग म्हणाला.

"त्याला तेवढं नाही समजत."

"तुम्हाला काय माहीत, इंजिनियर? तुम्ही नुसत्या बनवणाऱ्या. आईला कधी कळतं का आपलं पोर बाहेर काय करतं?"

सगळे हसले. दुपारी कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला घालून त्या कोंबड्यांचा रस्सा झाला. इंतोयने तीन वेळा भात घेतला. सकाळी साडेनऊला रेस्ती गुडघ्याचं निमित्त करून पुन्हा मागे थांबला होता. बार रोलरवर होता, तोंड डोळ्यासमोर, चावी ऑटोवर. बाहेर आभाळ भरून आलं होतं, शेडमध्ये मळकट उजेड होता. तो कॉफी न पिता उभा राहिला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. पंधरा. बार हलला नाही. मोटर मुकी. रोलरवर रक्ताचे ठिपके वाळून तपकिरी झाले होते. सुट्टी संपून माणसं आत आली तेव्हा रेस्तीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो नाक शिंकरायचं सोंग करत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आता तर मुठीत काही उरलंच नव्हतं. त्या दिवशी तो सगळ्यांशी फार बोलला. मारिविकला त्याने विचारलं, लग्नाचं काय. तिने सांगितलं की आधी या कामाचे पैसे येऊ देत. रात्री त्याला झोप लागली, गुडघा दुखत असूनही.

बुधवारी ऊन होतं. लख्ख, धुतल्यासारखं. सकाळी सातला त्यांनी चेनब्लॉकने सगळ्यांत मोठा बार उचलून रोलरवर ठेवला, मॅडमना दाखवायला. सगळ्यांचं म्हणणं होतं की चेनब्लॉकचा हा शेवटचा दिवस, आणि कुणीतरी त्याच्या साखळीला जुना टाय बांधला होता. बारचं तोंड डोळ्यापर्यंत आणून थांबवलं. डोळा आणि करवतीचा जबडा यांच्यामध्ये दोन रोलर मोकळे. पावणेदहाला मॅडम येणार, रेस्तीला कागदावर सही करायची होती, यंत्र पाहिलं, चालवलं, ठीक आहे, अशी, आणि त्याखाली मॅडमची. कागद मारिविकने सकाळीच त्याच्या हातात दिला होता. त्याने घडी करून खिशात ठेवला. खिसा त्याला दिवसभर, म्हणजे दिवसाचे ते अडीच तास, ओला झाल्यासारखा वाटत होता.

साडेनऊच्या सुट्टीला टपरीवर कुणी गेलं नाही. मॅडम येणार म्हणून पेज आणि पाव आतच मागवले होते. माणसं शेडमध्येच पसरली, आणि रेस्तीने पाहिलं की ती रोलरला टेकून उभी आहेत. जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्टीच्या आत. सोमवारपर्यंत त्या पट्टीच्या आत कुणी पाऊल टाकत नव्हतं, तो रागावल्याशिवाय काम व्हायचं नाही इतकी ती माणसं त्या यंत्रापासून अंग चोरून उभी राहायची. आता एकाने बारवर पावाची पिशवी ठेवली होती. दुसरा फ्रेमवर पाय देऊन बुटाची नाडी बांधत होता. आणि इंतोय त्या दोन मोकळ्या रोलरवर बसला होता, पाठ बारच्या तोंडाकडे, पाय खाली लोंबते, मांडीवर पेजेचा वाडगा.

"उठ तिथून," रेस्ती म्हणाला.

"का? छान आहे. खुर्ची आहे ही. मॅडमना सांगू, आणखी चार करून द्या."

"इंतोय, उठ."

"पाजलंय त्याला, कुया. दोन कोंबडे. माझ्या सासऱ्याला लग्नात एवढं नव्हतं पाजलं."

बाकीचे दोघे हसले. बादोंग हसला नाही, पेजेत चमचा फिरवत राहिला. रेस्ती करवतीपाशी उभा होता, त्याच्यापासून यंत्र बंद करायचं लाल बटण एका हातावर, आणि इंतोयही एका हातावर. त्याला वाटलं, आपण उगाच घाबरतोय, काल हललं नाही, देणं दिलं, संपलं. त्याला वाटलं, उठ म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं तर हे विचारतील का म्हणून, आणि का म्हणून विचारलं की सगळंच सांगावं लागेल, दहा मिनिटांवर मॅडम आहेत, पोरीचं पहिलं मोठं काम आहे. शेडच्या छपरात वादळानंतर बसवलेला एक पारदर्शक पत्रा होता, त्यातून उन्हाचा एक चौकोन आत पडला होता आणि सिमेंटवरून खांबाकडे सरकत होता, इतका हळू की पाहताना सरकत नाही असं वाटे. रेस्तीला तो चौकोन दिसत होता पण त्याचा अर्थ कळत नव्हता. त्याला दिसत होतं ते इंतोयच्या पाठीचं हाड, ओल्या बनियनमधून, आणि त्याच्यामागे बारचं गोल, कापलेलं, चकचकीत तोंड. पाठीत आणि तोंडात हातभर अंतर. पाठीचं हाड अंबोसारखंच होतं, मधोमध जरा बाहेर आलेलं. त्याच्या हातमोज्यात काहीतरी टोचलं. त्याने हातमोजा घातलेला नव्हता.

त्याने लाल बटण दाबलं. तळहाताने, सगळा भार देऊन, आणि हात तिथेच ठेवला. पंपाचा आवाज बंद पडला, पंखा बंद पडला, आणि शेडमध्ये एकदम पेज भुरकण्याचा आवाज मोठा झाला.

"काय झालं?" मारिविक धावत आली.

"सोमवारी बार हलला होता," रेस्ती म्हणाला. वाक्य खरोखरच चार शब्दांचं होतं. "आपोआप. वीतभर. याच वेळेला. मी पाहिलं आणि सांगितलं नाही."

इंतोय उठला, वाडगा हातात घेऊन, अगदी सावकाश, पिवळ्या पट्टीबाहेर येऊन उभा राहिला. मारिविकचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "शक्य नाही," ती म्हणाली, मग म्हणाली, "सगळे मागे व्हा." तिने रेस्तीचा हात बटणावरून काढला, बटण फिरवून सोडवलं, चालू करायचं निळं बटण दाबलं. पंखा फिरू लागला. सगळे उभे राहून बारकडे बघत होते. काही झालं नाही. एक मिनिट. दोन. रेस्तीच्या मनात आलं, हलू नये. आणि त्याच क्षणी मनात आलं, हलावं, देवा, हलू दे. उन्हाचा चौकोन खांबावर चढला, अंगठ्याएवढ्या काचेवर आला आणि काच पेटल्यासारखी चमकली.

मोटर हुंकारली. बार निघाला. वीतभर नाही, या वेळी ऊन होतं तोवर चालला. इंतोय बसला होता ते दोन रोलर त्याने पार केले आणि करवतीच्या जबड्याला जाऊन भिडला. तिथे थांबला. पावाची पिशवी त्याच्यावरून खाली पडली. मारिविकने चावी बंद केली, छपराकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं. "ऊन," ती म्हणाली. "डोळ्यात ऊन जातंय. त्याला वाटतं समोर काही नाही." तिने खांबावर हात ठेवला. "एक पत्र्याचं टोपण लावायचं काम आहे हे. दहा मिनिटांचं. एकाने तरी मला सांगायचं होतं. कुया, मी तुमच्यासमोर बसून ग्रीस भरलं, तेव्हा तरी."

"शनिवारी," बादोंग म्हणाला. त्याने वाडगा खाली ठेवला होता. "मी चमचा विसरलो म्हणून परत आलो होतो. तेव्हा हलला."

मारिविक त्याच्याकडे वळली. बाकीचे दोघे जमिनीकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यावरून तिला कळलं, रेस्तीलाही कळलं.

"म्हणून कोंबडे," रेस्ती म्हणाला.

"मग काय करणार?" बादोंग म्हणाला. "तुला कसं सांगणार? अकरा वर्षं तू ते मागत होतास. आम्हाला माहीत नाही का कुणासाठी मागत होतास? आलं तेव्हा तुझा चेहरा बघितला होतास का तू? कुणाची छाती होणार सांगायची, की रेस्ती, तुझं यंत्र वाईट आहे?"

रेस्तीने इंतोयकडे पाहिलं. इंतोयच्या हातात अजून वाडगा होता, पेज थंड झाली होती, वर साय धरली होती. "तुला?" रेस्तीने विचारलं. "तुलाही माहीत होतं?"

"मी सोमवारी दारात होतो," इंतोय म्हणाला. "हलला तो दिसला. तुलाही दिसला, तेही दिसलं. मग मी टपरीवर गेलो परत."

"आणि तरी तिथे बसलास."

इंतोयने सायीत बोट फिरवलं. तो लाजला होता. "कालपासून तू इतका खूश होतास, कुया. म्हटलं बसावं. आम्हाला त्याची भीती वाटत नाही असं तुला दिसावं."

फाटकाबाहेर मॅडम ओंगच्या गाडीचा हॉर्न वाजला. बादोंग दार उघडायला निघाला. मारिविक शिडी ओढत खांबाकडे गेली. रेस्तीने खिशातला कागद काढला, त्याची घडी उलगडली, आणि तो इंतोयचा हात धरून त्याला शेडच्या मागच्या बाजूला, चेनब्लॉकच्या पलीकडे, जिथे कुणी ऐकणार नाही अशा जागी घेऊन गेला. "मॅडमना थांबू दे," तो म्हणाला. "तुला आधी अंबोचं सांगायचंय."